स्वस्तात खरं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घड्याळ मिळतं का? एका गिऱ्हाइकाने मला शिकवलेला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर दोन घड्याळं शेजारी ठेवून दाखवली होती. दिसायला जवळपास सारखी. दोन्हींवर तीन छोट्या डायल, बाजूला दोन बटणं, मागे काच आणि आत फिरणारं चक्र. एक साधारण चार हजारांचं, दुसरं लाखाच्या पुढचं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण गोष्ट इथे लिहितोय. विषय घड्याळाचा आहे, पण तुम्ही साड्या विका, मिक्सर विका नाहीतर मोबाईलची कव्हरं विका, यातलं बरंच तुमच्याही कामाचं आहे.

माझं कराडला घड्याळांचं दुकान आहे. बीबीए करून आलो तेव्हा वाटायचं, मार्केटिंग शिकलोय म्हणजे धंदा येतो. तो गैरसमज उतरवणारं गिऱ्हाईक म्हणजे माझ्याच शाळेतले पी.टी.चे सर.

माझी चूक, आकड्यांसकट

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. मुंबईच्या एका होलसेलरने मला "ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ" म्हणून एक मॉडेल दाखवलं. नग २,६०० रुपये. दिसायला एकदम भारी. मी बारा नग उचलले, म्हणजे ३१,२०० रुपये. विक्रीची किंमत ठेवली ४,२००. एका नगामागे १,६०० सुटतात म्हटल्यावर मी खूश.

त्यातलं एक सरांनी घेतलं. त्यांचं जुनं सेलवालं घड्याळ नेमकं क्रीडा स्पर्धेच्या दिवशी बंद पडलं होतं. म्हणून त्यांना सेल नसलेलं, आणि धावण्याची वेळ मोजता येईल असं घड्याळ हवं होतं. मी म्हणालो, "सर, हेच घ्या. ऑटोमॅटिक पण आहे आणि क्रोनोग्राफ पण." मी स्वतः ते बटण एकदाही दाबून बघितलं नव्हतं. होलसेलरने सांगितलं, तेच मी पुढे सांगितलं.

तीन आठवड्यांनी सर दुकानात आले. आवाज चढवला नाही. घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "अरे, तालुक्याच्या स्पर्धेत शंभर मीटरला मी बटण दाबलं, तर वार बदलला. सोमवारचा मंगळवार झाला. पोरं हसली. तू जरा बघ काय ते."

मी बघितलं. खरंच, वरचं बटण दाबलं की छोट्या डायलवरचा वार पुढे सरकत होता आणि खालचं दाबलं की तारीख. त्या घड्याळात स्टॉपवॉच नव्हतंच. तीन छोट्या डायल होत्या वार, तारीख आणि चोवीस तासांच्या. बाहेरून क्रोनोग्राफ, आतून कॅलेंडर.

सरांचे पैसे तिथेच परत केले. मग बिलबुक काढलं. सरांचं धरून सात नग विकले गेले होते. राहिलेल्या सहाही जणांना फोन लावले आणि खरं काय ते सांगितलं. सरांसकट पाच जणांनी घड्याळ परत केलं, दोघांनी "राहू दे, चालतंय" म्हणून ठेवलं.

आता हिशोब बघा. सात नगांचे आले होते २९,४००. त्यातले २१,००० परत गेले, हातात राहिले ८,४००. दुकानात दहा नग पडून. ते पुढे "वार-तारीखवालं ऑटोमॅटिक" असं खरं सांगून विकले: पाच नवे २,४०० ने आणि पाच वापरलेले १,८०० ने. त्याचे २१,००० आले. एकूण आले २९,४००, घातले होते ३१,२००. म्हणजे कागदावर तोटा फक्त १,८०० रुपयांचा.

पण हा माल संपायला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस जवळपास तीस हजारांचं भांडवल शोकेसमध्ये अडकून बसलं आणि ऐन लग्नसराईत चालणारा माल भरायला माझ्याकडे पैसे नव्हते. खरा तोटा तो होता. तो बिलबुकात कुठेच दिसत नाही.

आधी वस्तू समजून घ्या: क्रोनोग्राफ म्हणजे नक्की काय

त्या दिवसानंतर मी ठरवलं, जे विकतो ते आधी शिकायचं. ओळखीच्या एका जुन्या घड्याळजींकडे दुपारचा बसायला लागलो. तिथे जे कळलं ते सोप्या भाषेत सांगतो.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच, दोन्ही एकात. ऑटोमॅटिक म्हणजे मनगट हललं की आतलं वजनी चक्र फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते, सेल लागत नाही. दोन्ही एकाच मशीनमध्ये बसवणं हे अवघड काम. हाताने चावी देण्याचे क्रोनोग्राफ आधीपासून होते, पण ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ जगाला मिळाला तो १९६९ साली. त्या एकाच वर्षी झेनिथचं एल प्रिमेरो, हॉयर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन वगैरेंच्या गटाचं कॅलिबर ११ आणि जपानच्या सायकोचं ६१३९, अशी तीन मशीन आली. पहिलं कोण, यावर शौकीन मंडळी आजही भांडतात.

स्वस्ताईच्या दृष्टीने महत्त्वाचं मशीन मात्र त्यानंतर आलं: वाल्जू ७७५०, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. एडमंड काप्त नावाच्या तंत्रज्ञाने ते बनवलं. जुन्या उंची क्रोनोग्राफमध्ये चालू-बंद करायला कॉलम व्हील नावाचं खांबांचं चाक असायचं, ते घडवायला महाग. ७७५० मध्ये त्याऐवजी कॅम आणि लिव्हर वापरले. भाग मोठ्या संख्येने काढता येतात, दुरुस्तीही त्यामानाने सोपी. क्वार्ट्झची लाट आली तेव्हा याचंही उत्पादन थांबलं होतं, पण ऐंशीच्या दशकात ते परत सुरू झालं आणि आज ऑटोमॅटिक क्रोनोग्राफच्या बाजारात हेच घराणं सगळीकडे दिसतं. त्याच रचनेवर सेलिटा कंपनी एसडब्ल्यू५०० बनवते. टिसो आणि हॅमिल्टनच्या आजच्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्येही याच घराण्याची सुधारलेली मशीन असतात, एकदा पूर्ण चावी बसली की साधारण ६० तास चालणारी.

एक गंमत सांगतो. ७७५० चं चक्र एकाच दिशेने चावी भरतं, दुसऱ्या दिशेने मोकळं गरागरा फिरतं. घड्याळ हातात घालून मनगट झटकलं की आतून गरगर जाणवते. गिऱ्हाईक "खराब आहे का हो?" असं विचारतं. दुकानदाराला कारण माहीत नसेल तर तोही घाबरतो आणि तिथेच विक्री जाते.

खोटं आणि खरं ओळखायच्या चार खुणा

व्हिडिओत दाखवलेल्या खुणा लिहून ठेवा.

१. मधला लांब सेकंद काटा बघा. खऱ्या क्रोनोग्राफमध्ये तो बाराच्या जागी उभा असतो, बटण दाबल्यावरच चालू लागतो. रोजचे सेकंद छोट्या डायलवर चालतात. मधला काटा सतत फिरतोय आणि बटणाला दाद देत नाही, तर तो क्रोनोग्राफ नाही.

२. वरचं बटण दाबा, काटा निघाला पाहिजे. परत दाबा, थांबला पाहिजे. खालचं दाबा, बरोबर बारावर परत आला पाहिजे. वार-तारीख सरकली तर ते कॅलेंडरवालं घड्याळ.

३. छोट्या डायलवरचे आकडे वाचा. ३० किंवा ६० मिनिटं आणि १२ तास मोजणाऱ्या डायल असतील तर क्रोनोग्राफची शक्यता. वारांची नावं, १ ते ३१ आकडे असतील तर कॅलेंडर. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये डायल नुसत्या छापलेल्या असतात, तेही बघा.

४. सेकंद काटा एकेक ठोका देत चालतोय तर सेलवालं क्वार्ट्झ. पण इथे फसू नका. सायकोची व्हीके६३, व्हीके६४ अशी मशीन आहेत, त्यांना मेका-क्वार्ट्झ म्हणतात. वेळ सेलवर चालते, पण स्टॉपवॉचचा काटा सरकत जातो आणि बटण दाबल्यावर टचकन बारावर येतो. वस्तू चांगली आहे, फक्त ऑटोमॅटिक नाही. ती ऑटोमॅटिक म्हणून विकली तर तुम्ही खोटं बोललात.

"स्वस्त" म्हणजे किती? गिऱ्हाइकाला पर्याय मांडून द्या

आता गोष्टीचा दुसरा भाग. मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. इतक्या वर्षांत घड्याळाचा सेल बदलायला, पट्टा लावायला ते माझ्याकडेच यायचे. निवृत्तीच्या महिन्यात आले आणि म्हणाले, "भिशीचे पन्नास हजार हातात आहेत. ते राहिलेलं घड्याळ आता घ्यायचंय. खरं ऑटोमॅटिक, खरा क्रोनोग्राफ. तू मिळवून दे."

मित्रांनो, नऊ वर्षांपूर्वी मी शोकेसमधलं जे असेल ते पुढे केलं असतं. या वेळी मी आधी विचारलं, "सर, याने शर्यत मोजायची आहे का?" ते हसले. "शर्यत मोजायला काही शेकड्यांचा स्टॉपवॉच आहे की. हे माझ्यासाठी."

हा प्रश्न विचारणं फार गरजेचं आहे. मापाची अचूकता हवी असेल तर मशीनवालं घड्याळ हा चुकीचा सल्ला. चांगलं ऑटोमॅटिकसुद्धा दिवसाला काही सेकंद मागे-पुढे होतं. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांत राहतं. म्हणजे गिऱ्हाइकाला गरज विकायची आहे की हौस, हे आधी कळलं पाहिजे. हौस विकण्यात काही वाईट नाही, पण ती गरज म्हणून विकू नका.

मग कागदावर सरांना पर्याय लिहून दिले. माझ्या काउंटरवरच्या अंदाजाने किमती सांगतो. ब्रँड आणि डॉलरच्या भावाप्रमाणे त्या हलतात.

मेका-क्वार्ट्झ: दहा हजारांच्या आसपास. दिसायला, बटण दाबायला मस्त. सेल लागतो. सर म्हणाले, नको.

चिनी सीगलचं एसटी१९ घराणं: वीस-तीस हजारांत. खरा क्रोनोग्राफ, तोही कॉलम व्हीलवाला. याची रचना स्वित्झर्लंडच्या जुन्या व्हीनस १७५ मशीनवरून आली. पण यातलं जास्त दिसणारं एसटी१९०१ हे रोज हाताने चावी द्यायचं, ऑटोमॅटिक नाही. ज्याला चावी देण्याची आवड आहे त्याला या पैशात याच्याइतकी मजा दुसरीकडे नाही.

७७५० च्या चिनी नकला: ऑटोमॅटिक आणि किमतीला कमी. काही नग वर्षानुवर्षं चालतात, काही लवकर मान टाकतात. बिघडलं तर हमी कुणाची, हा प्रश्न. मी माझ्या नावावर देत नाही.

जपानी एनई८८: सायकोचं मशीन, इतर कंपन्यांनाही विकलं जातं. ऑटोमॅटिक, कॉलम व्हील आणि व्हर्टिकल क्लच, म्हणजे बटण दाबल्यावर काटा अडखळत नाही. छोटे परदेशी ब्रँड हे वापरतात. वस्तू उत्तम. पण बाहेरून मागवलं की किमतीवर कस्टम ड्युटी, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कुरिअरचा खर्च चढतो. वेबसाइटवरची किंमत म्हणजे घरात पडणारी किंमत नव्हे. सरांच्या बजेटच्या बाहेर गेलं.

नवं स्विस: लाखाच्या पुढेच. भारत आणि एफ्टा देशांमधला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात स्वित्झर्लंडच्या घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी व्हायची आहे. पण "थांबा, लवकरच निम्म्यात मिळेल" असं गिऱ्हाइकाला सांगू नका. टप्प्याटप्प्याने म्हणजे टप्प्याटप्प्यानेच.

वापरलेलं स्विस: इथे पन्नास हजारांत काम होऊ शकत होतं. स्वॉच ग्रुपने स्वस्त ऑटोमॅटिक क्रोनोग्राफसाठी ईटीए सी०१.२११ नावाचं मशीन काढलं होतं. किंमत खाली आणायला त्यात काही भाग प्लास्टिकचे आहेत. टिसोसारख्या ब्रँडच्या काही मॉडेलमध्ये ते आलं. मूळ बिल, बॉक्स आणि वॉरंटी कार्डासकट असं घड्याळ मिळालं तर विचार करण्यासारखं.

शेवटी काय घेतलं

पुण्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे सी०१.२११ असलेलं, कागदपत्रांसकट एक घड्याळ होतं, ४६,००० रुपयांना. मी ते तपासायला आठ दिवसांच्या बोलीवर आणलं. चोवीस तास चालवून वेळेचा फरक लिहिला. क्रोनोग्राफ वीसेक वेळा चालू-बंद केला, दर वेळी काटा बरोबर बारावर येतो का बघितलं. मिनिटांचा काटा पुढे सरकतो का बघितलं. मग घड्याळजींकडून मागचं झाकण उघडून आत पाणी गेल्याच्या, गंजाच्या खुणा आहेत का ते पाहून घेतलं.

आणि सरांना तीन गोष्टी विकण्याआधी सांगितल्या. एक, आत प्लास्टिकचे भाग आहेत, ते दोष म्हणून नाही तर किंमत कमी ठेवायला. दोन, क्रोनोग्राफची सर्व्हिसिंग साध्या तीन काट्यांच्या घड्याळाच्या कितीतरी पट महाग पडते आणि गावातला प्रत्येक कारागीर याला हात लावत नाही, म्हणून चार-पाच हजार आत्ताच बाजूला ठेवा. तीन, माझी मेहनत ३,००० रुपये, ती ४६,००० च्या वर वेगळी लावतोय. घड्याळाच्या किमतीत लपवत नाही.

सरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मागच्या वेळी हे सगळं का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "सर, मागच्या वेळी मलाच माहीत नव्हतं."

४९,००० दिले आणि हजार रुपये परत खिशात ठेवत म्हणाले, "हे सर्व्हिसिंगचे, सुरुवात झाली." मग दुकानातच बटण दाबलं, दारापर्यंत चालत गेले आणि परत दाबलं. "अकरा सेकंद. वार नाही बदलला."

वापरणाऱ्याला एवढं सांगून पाठवा

विक्रीनंतरची निम्मी भांडणं वस्तू कशी वापरायची हे न सांगितल्याने होतात. माझ्याकडे हे छोट्या कार्डावर छापलेलं असतं. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात. क्रोनोग्राफ चालू असताना खालचं बटण दाबू नका, आधी थांबवा. पाण्यात बटणं दाबू नका. दोन-तीन दिवस हातात घातलं नाही तर घड्याळ थांबेल, ते बिघडणं नव्हे, चावी देऊन वेळ लावा.

तुमच्या धंद्यासाठी यातून काय घ्यायचं

पहिलं, जी वस्तू तुम्ही स्वतः वापरून, दाबून, उघडून बघितली नाही ती विकू नका. होलसेलरचं वाक्य म्हणजे तुमचं ज्ञान नव्हे. गिऱ्हाइकासमोर तोंड तुमचं असतं.

दुसरं, जास्त मार्जिन दिसलं की नग वाढवू नका, आधी दोनच उचला. मी बाराऐवजी दोन घेतले असते तर धडा ५,२०० रुपयांत मिळाला असता.

तिसरं, महाग आणि क्वचित जाणारा माल भरून ठेवू नका. ऑर्डर घ्या, अ‍ॅडव्हान्स घ्या, मग आणा. सरांच्या घड्याळात माझं एक रुपयाचंही भांडवल अडकलं नाही आणि तीन हजार सुटले. ४,२०० चे दोन नग विकून जेवढे सुटायचे, त्याच्या जवळपास तेवढेच, पण डोक्याला ताप नाही.

चौथं, आपल्या मेहनतीचे पैसे उघड सांगायला लाजू नका. लपवलेलं मार्जिन कळलं की गिऱ्हाईक तुटतं. सांगितलेली मजुरी लोक देतात.

पाचवं, चूक झाली तर गिऱ्हाईक यायची वाट बघू नका, आपण फोन करा. त्या सहा फोनचा खर्च मला त्या वर्षी जड गेला. पण त्यातले चार जण आजही माझ्याकडेच येतात, आणि सर तर तुम्ही बघितलेच.

आता तुमचं काम. आज दुकान बंद करायच्या आधी शोकेसमधली अशी एक वस्तू बाहेर काढा, जिच्याबद्दल तुम्ही फक्त ऐकीव माहिती सांगता. ती उघडा, चालवा, माहितगार माणसाला दाखवा. खरी निघाली तर उद्या दुप्पट विश्वासाने विकाल. खोटी निघाली तर गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळेल, आणि ते नेहमी स्वस्त पडतं.

पुढच्या व्हिडिओत अ‍ॅडव्हान्स घेऊन ऑर्डरचा माल विकताना पावती कशी करायची ते बघू. तोपर्यंत धंदा नीट करा, हिशोब रोजचा रोज लिहा. भेटूया!